काचेच्या बशीतली पेशी आणि ताटातली मिरची

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

गडहिंग्लज तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. आमच्या सासूबाई ६८ वर्षांच्या. रक्तदाबाची आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे. पित्ताच्या त्रासामुळे गेली दोन वर्षं त्यांनी मिरची जवळजवळ सोडलीच. महिन्याभरापूर्वी एका नातेवाइकाने मिरचीच्या अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्या. बाटली अठराशे रुपयांची. तिखट न लागणाऱ्या मिरचीतलं द्रव्य आहे, पेशींना गंज चढू देत नाही, कॅन्सर होत नाही, म्हातारपण लांबतं, असं त्याचं सांगणं. लेबलवर ‘हजारो वर्षांची परंपरा’ असंही छापलंय. मुलगा बारावी सायन्सला आहे. त्याने मोबाईलवर शोधलं आणि म्हणाला, ‘आई, खरंच पेशींवर प्रयोग झालेत.’ यजमान म्हणतात, आपण रोज ठेचा खातो, मग गोळी कशाला? आणि आता सासूबाई विचारायला लागल्यात, ही घेतली तर रक्ताची गोळी बंद केली तर चालेल का? मला काही सुचेनासं झालंय. कॅप्सूल द्यावी का? आणि यंदाचं तिखट करायचंय, ते सासूबाईंना सोसेल असं कसं करू?

उत्तर

गडहिंग्लजच्या वहिनी, नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या एका ओळीपाशी मी थांबले, म्हणून तिचं उत्तर आधी. रक्त पातळ ठेवण्याची गोळी कोणाच्याही सांगण्यावरून एक दिवससुद्धा बंद करायची नाही. ती डॉक्टरांनी सुरू केली आहे, बंद करायची वेळ आली तर तेच करतील. मिरचीची कॅप्सूल मात्र आजपासून थांबवा. ती थांबवल्याने काही बिघडणार नाही. पुढच्या तपासणीला जाताना बाटली पिशवीत टाका आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटण्याचं काम मिरचीतल्या तिखट द्रव्यामुळे मंदावतं, असं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. जेवणातल्या चिमूटभर तिखटाने रक्त वाहण्याची सहसा भीती नसते, पण आधीच रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या बाईने वर मिरचीचा घट्ट अर्क घ्यावा का, हे ज्यांच्याकडे तिचे कागद आहेत त्यांनीच ठरवावं. या महिन्याभरात हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग किंवा डांबरासारखी काळी शौच असं काही दिसलं असेल, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच जा.

एवढं झालं की निवांत बसून पुढचं वाचा. मुलालाही शेजारी बसवा, कारण त्याने जे शोधलं ते खोटं नाही. मी तीस वर्षं कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवलं. बारावीतलं पोर आईच्या काळजीपोटी शोधनिबंध उघडून पाहतं, याचं मला फार कौतुक वाटलं.

‘पेशींना गंज’ म्हणजे काय ते तुमच्या स्वयंपाकघरातच दिसतं. शेंगदाण्याचं कूट किंवा जवसाची चटणी डब्यात राहून गेली की खवट होते. तेलातल्या एका रेणूला ऑक्सिजनने गाठलं की त्याचा तोल जातो, मग तो शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढतो, शेजारचा त्याच्या शेजारच्याचा, आणि सगळा डबा बिघडत जातो. तोल गेलेल्या अशा रेणूंना फ्री रॅडिकल म्हणतात. आपल्या पेशीचं आवरणही स्निग्ध पदार्थांचंच असतं. अन्नातून ऊर्जा काढताना पेशीत हे रेणू सतत तयार होत असतात आणि ते त्या आवरणाला, प्रथिनांना, डीएनएलाही धक्के देतात. जो पदार्थ आपला हायड्रोजन देऊन ही साखळी मध्येच तोडतो, तो अँटिऑक्सिडंट.

आता मिरचीकडे येऊ. तिच्या तिखट द्रव्याचं नाव कॅप्सेसिन. १८७६ मध्ये जॉन थ्रेश या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने ते शुद्ध रूपात वेगळं केलं आणि हे नावही त्यानेच दिलं. कॅप्सेसिनच्या रेणूच्या एका टोकाला एक छोटं कडं आहे, त्यावर एक हायड्रोजन अगदी सुटायच्या बेतात बसलेला. हेच कडं लवंगेतल्या युजेनॉलमध्ये आहे, आल्यातल्या जिंजरॉलमध्ये आहे, हळदीतल्या कर्क्युमिनमध्ये आहे आणि व्हॅनिलाच्या वासातही आहे. आपल्या मसाल्याच्या डब्यातले इतके पदार्थ एकाच तोंडवळ्याचे आहेत, हे मला पहिल्यांदा फळ्यावर काढताना कळलं तेव्हा मी तास संपल्यावरही तिथेच उभी होते. त्या एका सुटसुटीत हायड्रोजनमुळे ही सगळी मंडळी अँटिऑक्सिडंट आहेत.

तुमच्या कॅप्सूलमधलं ‘तिखट न लागणारं’ द्रव्य हा यातला पुढचा भाग, आणि तोही खरा आहे. क्योटो विद्यापीठातल्या संशोधकांनी थायलंडच्या एका तिखट मिरचीपासून निवड करत करत एक सौम्य वाण काढलं, सीएच-१९ स्वीट नावाचं. त्या मिरचीत कॅप्सेसिन जवळपास नाही, त्याच्या जागी कॅप्सिएट नावाचं त्याचं भावंड आहे. मिरचीतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, कामातून गेलं की रेणूच्या सांध्यात नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन बसतो, फरक एवढाच. पण त्यामुळे तिखटपणा हजारपटीने उतरतो. हायड्रोजन सोडणारं कडं मात्र जसंच्या तसं राहतं. इटलीतल्या संशोधकांनी २००२ मध्ये याच कुळातली द्रव्यं तपासली. शेंगदाण्याच्या आणि करडईच्या तेलात असतं ते लिनोलेइक आम्ल या द्रव्यांनी खवट होण्यापासून राखलं. पुढे माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींवर लोहाच्या क्षाराने हल्ला केला, तिथेही ती कामाला आली आणि पेशींना त्यांचा त्रास झाला नाही. तुमच्या मुलाला बहुधा हाच किंवा असाच प्रयोग सापडला असेल.

आपल्याकडे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत कॅप्सेसिन आणि कर्क्युमिनवर वर्षानुवर्षं काम झालं. कोलेस्टेरॉलचा खुराक देऊन उंदरांच्या तांबड्या रक्तपेशी नाजूक केल्या, आणि खाण्यात ही द्रव्यं मिसळली तेव्हा त्या पेशी बऱ्याच सावरल्या. चांगलं, प्रामाणिक काम आहे ते.

मग मी कॅप्सूल थांबवा का म्हणते? कारण पेशी काचेच्या बशीत असते तेव्हा आपण द्रव्य तिच्या अंगावर ओततो. सासूबाईंच्या पेशींपर्यंत ते तोंड, जठर, आतडं आणि यकृत पार करून पोचायचं असतं. किती पोचतं? थायलंडमध्ये २००९ मध्ये हे मोजलं गेलं. निरोगी माणसांना ५ ग्रॅम मिरची दिली, तिच्यात साधारण २६ मिलिग्रॅम कॅप्सेसिन. तिथली मिरची लवंगी मिरचीसारखी, ५ ग्रॅम म्हणजे चांगली भरलेली चमचाभर पूड. पाऊण तासाने रक्तात सर्वांत जास्त पातळी आली, ती एका मिलिलिटरला सुमारे अडीच नॅनोग्रॅम. दीड तासाने काहीच सापडेना. बशीतल्या प्रयोगांत सहसा जेवढं कॅप्सेसिन वापरतात, ते एका मिलिलिटरला तीन हजार ते तीस हजार नॅनोग्रॅम भरतं. मुलाला कागदावर भागाकार करायला सांगा. हजारपटीच्या वर जातो फरक. आणि कॅप्सिएट तर याहून नाजूक, आतड्यातच त्याचे दोन तुकडे होतात. माणसांना त्याच्या गोळ्या देऊन रक्त तपासलं, तर ते मोजण्याइतकंही मिळालं नाही.

म्हणजे ते पोटात जाऊन काहीच करत नाही, असं मी म्हणणार नाही. आतड्याच्या अस्तराची गाठ त्याच्याशी भरपूर पडते, तिथे त्याचं काही काम असू शकेल. शिवाय अशी वनस्पतिद्रव्यं पेशीला हलकासा चिमटा काढतात आणि पेशी स्वतःची संरक्षक विकरं वाढवते, असंही दिसतं. आपल्या पेशीत सुपरऑक्साइड डिस्म्युटेज नावाचं विकर आहे, अमेरिकेतल्या मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी ते १९६९ मध्ये ओळखलं. एकेक रेणू एका सेकंदात फ्री रॅडिकलच्या कितीतरी जोड्या निकालात काढतो. बाहेरून आलेला अँटिऑक्सिडंट रेणू एकदा हायड्रोजन दिला की संपला. घरचं सैन्य एवढं मोठं असताना बाहेरचा शिपाई फार तर त्याला जागं करायच्या कामाचा. आणि चिमटा जोराचा बसला तर उलटं होतं. जास्त कॅप्सेसिन ओतलं की त्याच बशीत ते स्वतःच फ्री रॅडिकल वाढवतं आणि पेशी मारतं. हेही प्रयोगांतच दिसलंय, पण बाटलीवर ते कोणी छापत नाही.

आता मी जे सांगणार आहे ते माझ्या मनाला सगळ्यात लागलेलं आहे. लाल मिरचीला रंग देणाऱ्या द्रव्यांत कॅप्सँथिन मुख्य, आणि त्याच्या जोडीला बीटा-कॅरोटीन असतं, गाजरातलं तेच. भाज्या-फळं जास्त खाणाऱ्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त असतं आणि त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो, असं दिसत होतं. तेव्हा सगळ्यांना वाटलं, सापडलं औषध. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना पाच ते आठ वर्षं गोळ्या दिल्या, काहींना बीटा-कॅरोटीनच्या, काहींना ई जीवनसत्त्वाच्या, काहींना दोन्ही, काहींना नुसत्या बिनऔषधी. १९९४ मध्ये निकाल आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेत १८,३१४ लोकांवर तशीच चाचणी चालू होती, बीटा-कॅरोटीन आणि ए जीवनसत्त्व एकत्र. तिथे फुप्फुसाचा कॅन्सर २८ टक्क्यांनी आणि मृत्यू १७ टक्क्यांनी जास्त निघाले, म्हणून जानेवारी १९९६ मध्ये ती ठरल्या वेळेच्या २१ महिने आधी थांबवावी लागली. ज्यांनी या चाचण्या आखल्या ते जगातले उत्तम डॉक्टर होते, त्यांचा हेतू शुद्ध होता, बशीतले आणि उंदरांवरचे प्रयोग त्यांच्या बाजूने होते. तरी माणसं दगावली. त्या वर्षी मी वर्गात अँटिऑक्सिडंटचा धडा पूर्वीसारखा शिकवू शकले नाही, सगळ्या नोट्स नव्याने काढल्या.

गाजर खाणाऱ्याचं भलं होतं आणि गाजरातल्याच द्रव्याच्या गोळीने नुकसान होतं, हे कसं? एक तर गाजर खाणारा माणूस बऱ्याचदा इतर बाबतींतही सांभाळून राहणारा असतो. दुसरं म्हणजे शरीराला फ्री रॅडिकल थोडे हवेच असतात. पांढऱ्या पेशी जंतू मारतात त्या याच हत्याराने. जर्मनीत २००९ मध्ये एक सुंदर प्रयोग झाला. तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला, निम्म्यांना सोबत सी आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या दिल्या. नुसता व्यायाम करणाऱ्यांत साखर पचवण्याची ताकद वाढली. गोळ्या घेणाऱ्यांत ती वाढलीच नाही. व्यायामाने तयार होणारे फ्री रॅडिकल हाच शरीराला ‘तयार हो’ असा निरोप होता, आणि गोळ्यांनी तो निरोप मध्येच पुसून टाकला.

मिरचीच्या अर्काची अशी मोठी, वर्षानुवर्षं चालवलेली चाचणी झालेली नाही, ज्यावरून ‘कॅन्सर होत नाही’ असं कोणाला म्हणता यावं. तसं म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, कोणत्या माणसांवर, किती वर्षं?

लेबलवरच्या हजारो वर्षांच्या परंपरेबद्दल दोनच वाक्यं. मिरची मेक्सिको-दक्षिण अमेरिकेची, आपल्याकडे ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्याच्या किनाऱ्यावर आणली. जुन्या वैद्यकग्रंथांतलं तिखट म्हणजे सुंठ, मिरी आणि पिंपळी.

मिरची खाणाऱ्यांचं काय, हे यजमान विचारतीलच. चीनमध्ये जवळपास ४ लाख ८७ हजार लोकांची काही वर्षं नोंद ठेवली होती. आठवड्यातून सहा-सात दिवस तिखट खाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण क्वचितच तिखट खाणाऱ्यांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी आढळलं. २०१५ मध्ये हे छापून आलं. इटलीतही २०१९ मध्ये तसंच काहीसं दिसलं. पण ही निरीक्षणं आहेत, गाजराच्या बाबतीतही सुरुवात अशीच झाली होती. मी यातून एवढंच घेते की ज्याला सोसतं त्याने जेवणात मिरची खायला भिऊ नये. यजमानांना त्यांचा ठेचा खाऊ द्या, मीठ मात्र बेताने, कारण ठेच्यात आपण मिरचीपेक्षा मिठानेच जास्त नुकसान करून घेतो.

मिरचीतल्या ज्या अँटिऑक्सिडंटबद्दल मला खात्रीने बोलता येतं ते सी जीवनसत्त्व, आणि त्याची गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगायची. हंगेरीतला आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी. कापलेली फळं काळी का पडतात आणि काही का पडत नाहीत, या प्रश्नामागे लागून त्याने हा पदार्थ हुडकला. गुरांच्या मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून काढताना तो हाती यायचा एवढासाच, पुढचं काम अडलं होतं. तो सेगेद गावी राहायचा, तिथे पाप्रिका मिरचीचे मळेच मळे. एका रात्री बायकोने जेवायला ताजी मिरची वाढली. त्याला ती खायची नव्हती. ही वनस्पती आपण कधी तपासलीच नाही, असं मनात आलं आणि ती मिरची घेऊन तो प्रयोगशाळेत गेला. मध्यरात्रीपर्यंत त्याला कळलं होतं की खजिना सापडला. पुढे काही आठवड्यांतच त्याने किलोंनी सी जीवनसत्त्व काढलं. १९३७ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

ताज्या हिरव्या मिरचीत १०० ग्रॅमला साधारण १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सी जीवनसत्त्व असतं. पण १०० ग्रॅम मिरची कोण खातं? भाकरीबरोबर दोन मिरच्या चावल्या तर दहा मिलिग्रॅम पोटात गेलं म्हणा, आणि बाईची दिवसाची गरज ६५ मिलिग्रॅमची. इथे सासूबाईंसाठी माझ्याकडे उत्तर आहे. तिखट न लागणारी मिरची हवी तर आठवडी बाजारात ढोबळी मिरची मिळते. एक मध्यम ढोबळी मिरची दिवसाच्या सी जीवनसत्त्वाची गरज सहज भागवते, आणि पिकून लाल झालेली मिळाली तर सी जीवनसत्त्व आणि कॅरोटीन दोन्ही जास्त. फार शिजवू नका. पीठ पेरून, झाकण ठेवून, पाच-सात मिनिटांत उतरवा. अठराशे रुपयांत कितीतरी ढोबळ्या मिरच्या येतील.

पित्ताबद्दल थोडं घरचं सांगते. माझ्या वडिलांनी अकरा वर्षं मिरची सोडली होती. पोटात जळजळ, रात्री उठून बसायचे, सगळे म्हणायचे तिखटामुळे. आई त्यांच्यासाठी वेगळी आमटी करायची, जिरं-मिऱ्याची. शेवटी दुर्बिणीची तपासणी झाली तेव्हा अल्सर निघाला, आणि त्याचं कारण होतं हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. दोन आठवड्यांच्या औषधांनी ते बरे झाले. या जंतूचा शोध लावणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. अल्सर व्हायची दोन मोठी कारणं म्हणजे हा जंतू आणि वेदनाशामक गोळ्या. मिरची अल्सर करत नाही. घशाशी येणारं आंबट, छातीतली जळजळ मात्र तिखटाने नक्की जास्त जाणवते, कारण कॅप्सेसिन नसांवरच्या ज्या दारावर टकटक करतं तेच दार ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेने उघडतं. डेव्हिड ज्युलिअस यांनी ते १९९७ मध्ये शोधलं आणि २०२१ मध्ये त्यांनाही नोबेल मिळालं. म्हणून ‘भाजलं’ असं वाटतं तेव्हा खरं काही भाजलेलं नसतं. पण सासूबाईंना दोन वर्षांपासून पित्त आहे आणि रक्त पातळ करणारी गोळीही चालू आहे. अशा वेळी पोटातला अल्सर अंगावर काढणं धोक्याचं. डॉक्टरांना पित्ताचंही स्पष्ट सांगा, नुसतं मिरचीवर ढकलून सोडू नका. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर गोळी आणून घेतात का, तेही विचारा. म्हाताऱ्या बायका हे सांगत नाहीत. आणि फिशरचा, म्हणजे गुदद्वाराला चीर पडल्याचा, त्रास असेल तर तो बरा होईपर्यंत तिखट टाळा. नागपूरच्या एका शल्यविशारदांनी २००८ मध्ये याची रीतसर चाचणी केली होती, तिखटाने रुग्णांची आग आणि वेदना वाढली.

आता तिखट. हे लिहायला मी मघापासून थांबले आहे.

सासूबाईंची बरणी वेगळी करा. तुमच्याकडची संकेश्वरी घरच्यांसाठी ठेवा आणि त्यांच्यासाठी निव्वळ ब्याडगी. ती पलीकडे हावेरीतून येते, सुरकुतलेली, गडद लाल, रंगाला भरपूर आणि तिखटाला कमी. देठ खुडताना मिरची उभी चिरून बिया आणि त्यांना धरून असलेला फिकट पडदा झटकून टाका. तिखट त्या पडद्यात असतं, बियांना ते नुसतं लागलेलं असतं. पडदा गेला की राहतं ते साल, आणि कॅप्सँथिन सगळं सालीत.

खरेदी करताना मूठभर मिरच्या मोडून आत पाहा. बाहेरून लालभडक दिसणाऱ्या मिरचीत आत राखाडी, काळसर बुरशी निघते. ओलसर वाळवणात वाढणाऱ्या काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं विष करतात. ते यकृताच्या कॅन्सरला कारण होतं आणि शिजवून, भाजून पुरतं जात नाही. वहिनी, पेशींना जपायचं म्हणत असाल तर अठराशेच्या बाटलीपेक्षा मिरची मोडून पाहणं हे कितीतरी मोठं काम आहे. एक जरी तशी निघाली तरी त्या ढिगातून घेऊ नका. तयार सुटं तिखटही नको. २००३ मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या मिरचीपुडीत सुदान नावाचा कारखान्यातला रंग सापडला, आणि २००५ मध्ये ब्रिटनमध्ये त्यापायी शेकडो पदार्थ दुकानांतून मागे घ्यावे लागले. अख्ख्या मिरचीत अशी भेसळ करणं अवघड, म्हणून मिरची घ्या, डंकावर स्वतः उभ्या राहून कांडून आणा.

ऊन दाखवा ते मिरची कुरकुरीत होईपर्यंतच. आठ-आठ दिवस कडक उन्हात पडली की रंग उतरतो. तुमच्या मागच्या वर्षीच्या काचेच्या बरणीकडे पाहा, काचेला लागलेलं तिखट विटकरी झालेलं असेल आणि चमचा खोल घातला तर आत अजून लाल निघेल. कॅप्सँथिन प्रकाशाला आणि हवेला तोंड देत स्वतः जळून जातं, त्याचंच ते चित्र आहे. अँटिऑक्सिडंट संपतो म्हणजे काय, हे मी विद्यार्थ्यांना अशाच बरणीवर दाखवायची. म्हणून वर्षाचं एकदम कांडू नका. चार महिन्यांचं कांडा, बाकीच्या मिरच्या अख्ख्या, कोरड्या, अंधारात ठेवा. तिखटाला थोडं तेल चोळून, हिंगाचा खडा घालून, चिनी मातीच्या बरणीत दाबून भरा. आपल्या आज्या हेच करायच्या.

मुलासाठी एक काम. दोन वाट्या घे. एकीत कोमट पाणी, दुसरीत कोमट शेंगतेल. दोन्हींत अर्धा-अर्धा चमचा ब्याडगीचं तिखट टाक आणि पंधरा मिनिटं थांब. पाण्यात पूड तळाला बसेल, पाणी जरासं तांबूस होईल. तेल रक्तासारखं लाल होईल. ही रंगद्रव्यं तेलात विरघळतात, म्हणून तेलातूनच ती आतड्यात नीट शोषली जातात. आजीच्या आमटीला गॅस बंद करून झाल्यावर, कढलेल्या चमचाभर तेलात चिमूटभर ब्याडगी घालून वरून सोडायची, जळू द्यायची नाही. कुकरमध्ये घातलेलं तिखट जास्त खर्ची पडतं, म्हैसूरच्याच संस्थेने ते मोजलंय: शिजवण्याच्या पद्धतीनुसार कॅप्सेसिन १८ ते ३६ टक्के कमी होतं, प्रेशर कुकरमध्ये सर्वांत जास्त.

सासूबाईंना सुरुवात दुपारच्या जेवणात करून द्या, ताकाबरोबर, डॉक्टरांनी पोट तपासून हो म्हटल्यावरच. रात्री नको, आणि जेवून लगेच आडवं पडणं नको. एक आठवडा पाहा. जळजळ वाढली तर थांबवा, ढोबळी मिरची चालू ठेवा.

बाटली आणणाऱ्या नातेवाइकाशी भांडू नका. त्यांनी काळजीपोटीच आणली असणार. ‘डॉक्टरांना दाखवून मग ठरवतो’ एवढं म्हणा. आणि तपासणीत काय निघालं ते मला कळवा. पित्ताचं विशेष करून. मी वाट पाहते.